खेळाचा जुना संगणक: दुरुस्त करावा की वाढवावा?



कामगार चळवळीतल्या माणसाने पोरांच्या खेळाच्या संगणकावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण हा विषय युनियनच्या कचेरीतच माझ्याकडे आला. बदलापूरच्या एका कंत्राटी कामगाराच्या मुलाचा संगणक, खेळ सुरू केला की अर्ध्या तासात बंद पडे. दुकानदार म्हणाला, "भंगार झाला, नवा घ्या." नवा म्हणजे बापाचे तीन-चार पगार!

'यंत्र जुने झाले' हे वाक्य अंबरनाथच्या कारखान्यांतून मी पुष्कळदा ऐकले आहे. बहुधा त्यापाठोपाठ 'माणसेही जुनी झाली' हे येते. तेव्हा मी एकच विचारतो: उघडून पाहिले काय? चांगला फिटर आधी मशीन उघडतो, स्टोअरकडे पार्ट मागायला नंतर जातो. आम्ही डबा उघडला. पंख्याखाली धुळीचा थर बसलेला, प्रोसेसरवरचा उष्णता वाहून नेणारा लेप वाळून खडूसारखा झालेला. उष्णता बाहेर जाईना, म्हणून यंत्र स्वतःचा जीव वाचवण्यासाठी बंद होई. साफसफाई केली, नवा लेप लावला. काम काही शे रुपयांत झाले.

पण मुलगा म्हणाला, "काका, नवे खेळ अजून अडखळतात." ही तक्रार निराळी. बिघाड दुरुस्तीने जातो, ताकदीची उणीव जात नाही. मग अडते कोण? खेळातल्या चित्राचे रिझोल्यूशन कमी करून पाहावे. गती वाढली तर ग्राफिक्स कार्ड अडत होते. होती तेवढीच राहिली तर बहुधा प्रोसेसर. येथे कार्डच अडत होते: जीटीएक्स १०५० टीआय, २०१६ सालचे. हे ७५ वॅटचे कार्ड सहसा मदरबोर्डाकडूनच वीज घेते. मोठे कार्ड घ्यावे तर पॉवर सप्लायही मोठा लागू शकतो, हे कार्ड विकणारा सांगेलच असे नाही. रॅमही ८ जीबीच. आणि २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य केंद्रांनी मेमरीच्या चिपा ओढून घेतल्या, रॅमचे भाव जगभर भडकले. परदेशी भांडवलाची भूक बदलापूरच्या चाळीत अशी पोहोचते!

प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीचा. आठव्या पिढीचा त्याच खाचेत बसतो, पण त्या बोर्डावर चालत नाही. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर नाही. म्हणजे प्रोसेसर बदलला की मदरबोर्ड आला, कदाचित रॅमही आली. याला वाढवणे म्हणत नाहीत. हा नवा संगणकच, तुकड्यातुकड्यांनी आणि महाग घेतलेला. म्हणून मी सांगितले: ८ जीबीची एक जुनी पट्टी जोडा, बँकेचे व्यवहार यावर करू नका, कार्डाचे पैसे पोस्टाच्या आरडीत टाका. मुलगा रुसला. रुसणारच!

जुनी पट्टी उल्हासनगरात घेतली. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तुम्हांला ठाऊकच आहे. मला त्यात निर्वासितांच्या छावणीत राहून वस्तू उघडत, जोडत शिकलेल्या हातांचा मान दिसतो. तरीही जुना भाग आपल्याच डब्यात बसवून, अर्धा तास खेळ चालवून घ्यावा. दुकानदार तेवढा वेळ देत नसेल, तर पुढचे दुकान गाठावे.