उन्हाळ्यांतील फुलें व आपला शेजारी फुलवाला

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेपुढें केलेलें भाषण)



महोत्सव समितीनें मला 'वेदीची सजावट' या विषयावर बोलावयास सांगितलें, तेव्हां मीं प्रथम नकार दिला. निवृत्त शाळामास्तराला बोलावयास आवडतें हें खरें. पण गेलीं कित्येक वर्षें दर शनिवारीं वेदी शृंगारणाऱ्या भगिनीमंडळापुढें या विषयावर मीं बोलणें म्हणजे सुताराला रंधा कसा धरावा हें शिकविण्यासारखें आहे. म्हणून समितीच्या अनुज्ञेनें मी वेदीच्या थोडा मागें जाणार आहें. तें फूल वेदीवर पोहोंचण्यापूर्वीं कोणाच्या हातून आणि कोणत्या पाण्यावर वाढून येतें, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

आपल्या वसईंत मोगऱ्याचा खरा बहार उन्हाळ्यांत येतो. विहिरीचा तळ दिसूं लागतो, गवत करपतें, गुरें सावली शोधीत फिरतात, त्याच दिवसांत मोगऱ्याला कळ्यांचे घोंस लागतात. पण त्याची तयारी नाताळच्या सुमारासच करावी लागते. प्रथम झाडाचें पाणी तोडतात. वाडीवाले याला 'ताण देणें' म्हणतात. पानें पिवळीं पडून गळूं लागतात, नवख्या माणसाला वाटावें कीं झाड मेलें. मग त्याची गुडघ्याएवढी छाटणी करतात, बुंध्याभोंवतालची माती उकरून शेणखत घालतात आणि पुन्हां पाणी सोडतात. कळी येते ती नव्या फुटीलाच, जुन्या लांकडाला येत नाहीं. म्हणून छाटणीला भिऊन चालत नाहीं. घरच्या कुंडींतील मोगरा नुसतीं पानें देतो अशी तक्रार पुष्कळ भगिनी माझ्यापाशीं करतात. त्यांनीं हिंवाळाभर त्याच्यावर रोज तांब्याभर पाणी घालून जी माया केलेली असते, तीच त्याच्या वांझपणाचें कारण होय.

हा बहार ऐन भरांत येतो तो बहुधा आपल्या उपवासकाळांत. त्या दिवसांत, चौथा रविवार आणि मोठे सण वगळतां, वेदीवर फुलें ठेवीत नाहींत, हें आपणांस ठाऊकच आहे. आपल्या दृष्टीनें तें व्रत आहे. वाडीवाल्याच्या दृष्टीनें मात्र त्याच्या उत्तम फुलांना देवळांत गिऱ्हाईक नसण्याचे ते दिवस आहेत. तो कुरकुरत नाहीं. त्याचीं फुलें त्या काळांत आपल्या हिंदु भगिनींच्या वेण्यांत जातात आणि त्यांच्या देवांना वाहिलीं जातात. मग पुनरुत्थानाच्या सणाची रात्र आली, कीं आपण सगळे एकदम त्याच्या दारीं उभे राहतों आणि एवढींच कां, म्हणून विचारतों!

मोगऱ्याची कळी पूर्ण भरलेली, पांढरी, परंतु मिटलेली असतांना खुडावी लागते. ती त्याच दिवशीं सायंकाळीं उमलते. ती गिऱ्हाइकाच्या हातांत उमलावी यासाठीं वाडीवाल्याच्या घरचीं माणसें पहाटे तीन-चारच्या सुमारास उठून, कपाळाला विजेरी बांधून वाडींत उतरतात. एक किलो कळ्या म्हणजे चार हजारांच्या आसपास कळ्या, आणि त्यांतील एकेक निराळी खुडलेली. मग ओल्या फडक्यांत बांधून त्या स्टेशनावर न्यावयाच्या आणि पहांटेच्या गाडीनें दादरचा फुलबाजार गांठावयाचा. तेथें बाजाराचा न्याय उलटा आहे. हिंवाळ्यांत फूल थोडें, म्हणून दर चढा. वैशाखांत चोहोंकडून फुलांचे ढीग येतात, आणि ज्या दिवशीं लग्नाचा मुहूर्त नसेल त्या दिवशीं दर असा कोसळतो, कीं खुडणाऱ्या बायांची मजुरी व गाडीभाडें निघालें तरी पुष्कळ म्हणावयाचें. ज्या ऋतूंत फुलाला पाणी सर्वांत महाग पडतें, त्याच ऋतूंत फूल सर्वांत स्वस्त विकतें.

प्रभूनें आपल्या शिष्यांस रानांतील फुलांकडे पाहावयास सांगितलें, कारण तीं कष्ट करीत नाहींत. मी हें वचन मुलांस चाळीस वर्षें शिकविलें. पण वाडींतील मोगरा हें रानांतील फूल नव्हे. तो स्वतः कष्ट करीत नसेल. त्याच्या वांट्याचे कष्ट दुसरा कोणीतरी करीत असतो. फिलिपाइन्स बेटांत हाच मोगरा १९३४ सालापासून राष्ट्रीय पुष्प म्हणून मानला जातो, आणि तेथील देवळांच्या दाराशीं त्याच्या माळा विकावयास गरिबांचीं मुलें उभीं असतात. तेव्हां हा विचार केवळ आपल्या गांवापुरता नाहीं. पण मी आपल्या गांवापुरतेंच बोलतों.

आमच्या आळीच्या टोंकाला एक फुलवाले राहतात. त्यांचें नांव मी घेत नाहीं, कारण तें त्यांना आवडणार नाहीं; आणि येथें बसलेल्या प्रत्येकानें त्यांच्या टोपलींतून कधीं ना कधीं फूल घेतलेलें आहे. कोणाचें बाळ बाप्तिस्म्याला निघालें, कोणाच्या मुलीचा प्रथम ख्रिस्तप्रसाद असला, कोणी आजारी माणूस इस्पितळांतून घरीं आला, कीं आपण त्यांच्याकडे जातों. दादरहून आणलेले चकचकीत कागदांतील गुलाब हल्लीं पुष्कळ मिळतात, आणि ज्यांना कधीं पाणी घालावें लागत नाहीं अशीं प्लास्टिकचीं फुलेंही मिळतात. परंतु आजाऱ्याच्या उशाशीं रात्रभर वास देत राहील असें फूल हवें असलें, तर त्या टोपलीवांचून गति नाहीं.

माझी आई वारली ती मे महिन्यांत. पहांटे चार वाजतां हे गृहस्थ कोणी न बोलावतां आमच्या अंगणांत येऊन उभे राहिले. डोक्यावर त्या दिवशींच्या सगळ्या कळ्यांची टोपली होती. त्यांनीं स्वतःच्या हातांनीं आईला पायांपासून हनुवटीपर्यंत मोगऱ्यानें झांकलें. सायंकाळीं अंत्यविधीच्या वेळीं त्या सर्व कळ्या उमलल्या. मीं त्यांचे हात धरले. पैशांची गोष्ट काढणें मला अशोभनीय वाटलें. आपल्याला अशा प्रसंगीं तें नेहमींच अशोभनीय वाटतें, आणि तें आपल्या सोयीचेंही असतें.

महिन्याची मिस्सा झाल्यावर माझ्या मनानें खाल्लें. मी एका पाकिटांत बरीचशी रक्कम घालून त्यांच्या वाडीकडे गेलों. ते घेणार नाहींत, आग्रह करावा लागेल, अशी मीं मनांत वाक्यें जुळविलीं होतीं. त्यांनीं पाकीट उघडलें, नोटा मोजल्या, त्यांतील कांहीं ठेवून घेतल्या आणि बाकीच्या मला परत केल्या. म्हणाले, "मास्तर, त्या दिवशीं दादरला एवढाच दर होता."

मग ते मला विहिरीकडे घेऊन गेले. वाटेंत मीं पाहिलें, तों वाडीचा पश्चिमेकडील अर्धा भाग मोकळा पडलेला. उरलेल्या झाडांच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या तांबूस झालेल्या. त्यांनीं पोहरा काढला, पेल्यांत पाणी ओतलें आणि माझ्यापुढें धरलें. "चाखून बघा," एवढेंच म्हणाले. पाणी मचूळ होतें.

आतां मला एक कबुली दिली पाहिजे. आमच्या घरामागें एक बावखल होतें. पावसाळ्यांत तें तुडुंब भरे, आणि तेथें मुरलेलें गोडें पाणी आसपासच्या विहिरींना उन्हाळाभर पुरे. आमचे वडील त्याच्या पाण्यावर केळीं व भाजीपाला करीत. पुढें घरीं नळ आला, वाडी मोडली, बावखल म्हणजे डांसांचें घर वाटूं लागलें. आम्हां भावांनीं त्यांत डबर टाकून तें बुजविलें आणि वर भाड्याच्या चार खोल्या बांधल्या. कोणी हरकत घेतली नाहीं. त्या खोल्यांना आशीर्वाद देण्यास आम्हीं धर्मगुरूंनाही बोलाविलें होतें. आमच्या एकट्याच्या बावखलामुळें त्यांची विहीर बिघडली असें मी म्हणत नाहीं. आळींतील इतरांनींही आपापलीं बुजविलीं, आणि ज्यांनीं विहिरींवर पंप बसवून रात्रंदिवस उपसा केला, पाणी टँकरनें बाहेर विकूं दिलें, त्यांचाही त्यांत वांटा आहे. समुद्र जवळ असलेल्या गांवांत गोडें पाणी खालून उपसलें आणि वरून मुरूं दिलें नाहीं, तर खारें पाणी आंत सरकतेंच. पण त्या पेल्यांतील पाणी चाखतांना मला दुसऱ्यांचीं नांवें सुचलीं नाहींत. आईच्या अंगावरचीं फुलें ज्या पाण्यावर वाढलीं, तेंच आम्हीं आटविलें होतें.

ज्या भगिनी घरीं चार कुंड्या सांभाळतात त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. भर उन्हांत पाणी घालूं नये. तें बहुतेक उडूनच जातें. पहांटे किंवा दिवेलागणीला घालावें. बुंध्याशीं पालापाचोळा अथवा नारळाचीं सोडणें पसरावीं. मोठ्या झाडाच्या मुळांजवळ एक कोरें मडकें गळ्यापर्यंत पुरून तें भरून ठेवावें; तें पाझरत राहतें आणि झाड आपल्याला हवें तेवढें घेतें. तांदुळाचें धुवण मोरींत ओतणें हा मी अपराध समजतों. आणि ज्यांना एवढेंही जमत नसेल त्यांनीं सदाफुली लावावी. तिला कोणी मान देत नाहीं, पण ती कोणावर रुसतही नाहीं.

आतां महोत्सवाविषयीं. या वर्षाच्या वेदीसाठीं फुलें जमविण्याचें जें टिपण झालें आहे, त्यांत चार वाडीवाल्यांच्या नांवांपुढें 'अर्पण' असें लिहिलेलें मीं वाचलें. त्यांना आधीं विचारलें होतें काय? मांडववाल्याचें आणि रोषणाईवाल्याचें बिल आपण घासाघीस न करतां चुकतें करणार आहोंत. ज्याला आपण होऊन फुलें द्यावयाचीं असतील, त्याचे आभार मानून तीं घ्यावींत; परंतु मागून घेतलेल्या फुलाला अर्पण म्हणूं नये. त्याचा त्या दिवशींचा दर द्यावा. माझी वर्गणी त्या खात्यांत मीं सभेच्या आधींच भरली आहे.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. महोत्सवाचें स्मारक म्हणून देवळामागील बावखल बुजवून तेथें सभागृह व वाहनतळ करावा, अशी सूचना पुढें आलेली आहे. सभागृह हवें, हें मलाही मान्य आहे. पावसांत लग्नाच्या पंगती मांडवांत बसवितांना होणारी तारांबळ मीं पाहिली आहे. परंतु तें शाळेच्या जुन्या इमारतीच्या जागीं, थोडें लहान कां होईना, होऊं शकेल. धर्मग्रामांत आतां दोनच बावखलें उरलीं आहेत, आणि त्यांपैकीं हें एक देवळाचें आहे. तें बुजविलें तर आळीच्या टोंकाची ती विहीर आणखी किती उन्हाळे टिकेल, हें मला ठाऊक नाहीं. त्यांनाही ठाऊक नाहीं. त्यांनीं या जानेवारींत उरलेल्या मोगऱ्याची छाटणी नेहमींप्रमाणें केली आहे.

ती सूचना येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर सभेपुढें येणार आहे. ज्यांच्या घरीं अजून विहीर आहे त्यांनीं येतांना आपल्या विहिरीचें पाणी एका बाटलींत घेऊन यावें. पेले मी आणीन.