पितृत्वाचा वारसा



पुत्राला जन्म देणे आणि पुत्राचा पिता होणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिली निसर्गाची आहे. दुसरी शिकावी लागते, आणि ती शिकविण्यास प्रत्येकाला पिता लाभतोच असे नाही. पैठणच्या एकनाथांच्या घराण्याचे चरित्र या दृष्टीने मनन करण्यासारखे आहे.

भानुदास, चक्रपाणी, सूर्यनारायण आणि एकनाथ अशी ही वंशपरंपरा. नाथांचे मातापिता त्यांच्या बालपणीच निवर्तले. पोरक्या नातवाला वृद्ध चक्रपाणींनी वाढविले. पुढे देवगिरीस जनार्दनस्वामींनी त्याला शिष्य म्हणून जवळ केले. पित्याकडून मिळावयाचे ते नाथांना आजोबांच्या मायेतून आणि गुरूंच्या शिस्तीतून मिळाले.

असे नाथ स्वतः पिता झाले, तेव्हा खरी कसोटी लागली. पुत्र हरिपंडित शास्त्रसंपन्न निघाले. पित्याने प्राकृतात पुराण सांगावे, कोणाच्याही घरी अन्न घ्यावे, हे त्यांना रुचेना. ते रुष्ट होऊन काशीस निघून गेले. ज्या काशीत शके 1495 म्हणजे इसवी सन 1573 मध्ये नाथांनी आपले मराठी भागवत पूर्णतेस नेले, तीच ही काशी!

त्या काळी घरात पित्याचा शब्द अखेरचा असे. नाथांना आज्ञा करता आली असती. वाद घालावयाचा तर पदरी विद्वत्ताही होती. परंतु परंपरा सांगते, की नाथ स्वतः काशीस गेले आणि पुत्राच्या अटी मान्य करून त्याला घरी घेऊन आले. परान्न घ्यावयाचे नाही, प्राकृतात पुराण सांगावयाचे नाही! ज्या वाणीसाठी लोक दुरून येत, ती पित्याने पुत्रासाठी आवरली. श्रोते ओसरले, नाथांनी बोल लावला नाही.

पुढे एका स्त्रीचा सहस्रभोजनाचा संकल्प होता. एकट्या नाथांना जेवू घातल्याने तो सिद्धीस जाईल, असे ठरले. स्वयंपाक हरिपंडितांनी स्वतः केला. भोजनोत्तर पित्याची उष्टी पत्रावळ ते उचलू लागले, तो एकीखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी निघू लागली, अशी कथा आहे. चमत्काराचा भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोपवावा. पित्याचे उष्टे काढण्यास पुत्र वाकला आणि त्याचा अभिमान गळाला, हे त्यातील मर्म.

नाथांच्या पश्चात हरिपंडितांनीच त्यांच्या पादुका पंढरीच्या वारीस नेण्याचा परिपाठ घातला, असे सांगतात. मराठी काव्याचा वारसा मात्र कन्येच्या उदरी गेला. दौहित्र मुक्तेश्वरांनी महाभारताची पर्वे मराठी ओवीत आणली. पुत्राने ज्या भाषेला आक्षेप घेतला, ती नातवाच्या मुखी बहरली.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या नांदणाऱ्या मराठी घरांत आज हा प्रसंग नवा नाही. पिता एका भाषेत हाक मारतो, पुत्र दुसरीत ओ देतो. आचार बदलतात, मने दुरावतात. अशा वेळी पित्याने आपले मत सोडावे, असे नाथचरित्र सांगत नाही. नाथांनी मत सोडले नव्हते, आग्रह तेवढा सोडला होता. आणि पुत्राने यावे म्हणून वाट पाहत न बसता काशीची वाट धरली होती. घरोघरीच्या वडीलधाऱ्यांनी तेवढे एक पाऊल आधी उचलावे, एवढीच विनंती.