बिटाचा दांडा पाहून यंत्र घ्यावे

भिंतीला छिद्रे पाडणारे रोटरी हॅमर यंत्र विकत घेणारा वायरमन दुकानात वॉट विचारतो, किंमत विचारतो. परंतु बिटाचा दांडा, ज्याला शँक म्हणतात, तो पाहावयाचा राहून जातो. मग वर्षानुवर्षे जमविलेली बिटांची पेटी आणि नवे यंत्र यांचे जुळत नाही, आणि कष्टाचा पैसा अडकून पडतो.

साधा गोल दांडा तीन जबड्यांच्या चकमध्ये आवळतात. लाकडाला, लोखंडाला तो उत्तम. पण हातोडीसारखे ठोके बसू लागले की पकड सैल होते, आणि ठोक्याचा बराच जोर जड चक हलविण्यातच खर्ची पडतो. एसडीएस पद्धतीत बिट आवळावयाचे नसतेच. तिच्या ‘प्लस’ प्रकारात दांडा १० मिलिमीटर जाडीचा असून त्याला चार खाचा असतात. बुडापर्यंत उघड्या अशा दोन खाचांतून यंत्र बिटाला फिरविते. उरलेल्या दोन बंद खाचांत पोलादी गोळ्या अडकतात व बिट बाहेर निसटू देत नाहीत. त्यामुळे बिट किंचित पुढेमागे सरकते आणि ठोका थेट त्याच्या बुडावर बसतो. नवशिक्याला ही ढिलाई दोष वाटते. तीच तर या रचनेची खुबी!

‘मॅक्स’ दांडा १८ मिलिमीटरचा, काँक्रीट फोडणाऱ्या अवजड यंत्रांसाठी. वायरमनला किंवा नळ बसविणाऱ्याला प्लस पुरते. गोल दांड्याच्या जुन्या बिटांसाठी जोडचक मिळतो. मात्र तो लावल्यावर ठोका बंद ठेवावा लागतो. एसडीएस बिट बसविण्यापूर्वी दांड्याच्या बुडाला थोडे ग्रीस लावावे.