दोघांच्या सहीची जागा

 

आखाजी जवळ आली. माहेरी गेलं की झोक्यावर बसल्या बसल्या हा विषय निघतोच, "आमच्या वहिनीने हायवेला प्लॉट घेतला. तुझं काय?" मग आपण सासरी परत येतो आणि मालकांच्या मागे लागतो. ते नाही म्हणतात आणि आठ दिवस घरात चूल एक, तोंडं दोन दिशांना. आज मला त्याच्याबद्दल बोलायचंय. जागा-जमिनीत पैसा घालायचा आहे, पण घरधनी कचरतोय. अशा वेळी बाईने काय करावं?

माझंच सांगते. पारोळ्याकडचं आमचं गाव. तीन एकर कोरडवाहू, कापूस आणि थोडी ज्वारी. मी शिवणकाम करते आणि दोन म्हशींचं दूध डेअरीला घालते. सात वर्षांत गटाच्या बचतीतून आणि दुधाच्या पैशातून एक लाख ऐंशी हजार साठले. जळगाव-धुळे रस्त्याला एरंडोलपासून पुढे जिकडे बघावं तिकडे प्लॉटच्या पाट्या. एक एजंट गावात यायचा. म्हणाला, "ताई, दीड गुंठा घेऊन ठेवा, पाच वर्षांत दुप्पट." मी घरी सांगितलं. आमचे हे एकच वाक्य बोलले, "पैसा काय झाडवर लागतस का?" आणि बैल सोडायला निघून गेले.

मला राग आला. पैसे माझे, कष्ट माझे, आणि हे ऐकूनही घेत नाहीत. मग मी चूक केली. त्यांना न सांगता त्या एजंटला अकरा हजार रुपये इसार दिला. त्याने साध्या कागदावर पावती लिहून दिली.

इसार दिल्यावर मला झोप लागेना. चार दिवसांनी रात्री भाकरी वाढताना सांगून टाकलं. वाटलं, आता ताट फेकतील. त्यांनी ताट नाही फेकलं. बराच वेळ गप्प बसले आणि मग पहिल्यांदा एक गोष्ट सांगितली. सासरे एका नातेवाइकाला कर्जासाठी जामीन राहिले होते. त्याने पैसे बुडवले आणि आमची विहिरीजवळची एक एकर त्यात गेली. तेव्हा हे चौदा वर्षांचे होते. "बाप सही करून आला आणि माय रडत बसली. तेव्हापासून कागदावर सही करायची म्हटलं की माझा हात थरथरतो," असं म्हणाले.

बायांनो, अठरा वर्षांच्या संसारात हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. मी म्हणत होते, "घेऊ या." ते म्हणत होते, "नको." पण "तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?" हे माझ्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मिळून त्या जमिनीचा सातबारा काढायला गेलो. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो. तो हातात आला आणि माझे डोळे उघडले. मालक म्हणून पाच जणांची नावं होती, आणि आम्हाला विकणारा त्यातला एक. इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा बोजा. जमीन शेतीचीच होती, बिनशेती झालेली नव्हती. प्लॉट फक्त चुन्याच्या रेघांचे होते. इसाराचे सहा हजार परत आले. पाच हजार आले नाहीत ते आलेच नाहीत. ती माझी शाळेची फी समजा.

तर त्यांचं कचरणं खोटं नव्हतं. पण ऐका, माझं म्हणणंही खोटं नव्हतं. पैसा पेटीत पडून राहिला की आजारपण, लग्नं, उसनवारी यात विरघळून जातो. मला माझ्या नावाचं काहीतरी हवं होतं. आम्ही ठरवलं, त्यांची भीती आणि माझी इच्छा दोन्ही एकाच कागदावर तपासायच्या.

आता तुम्ही वही काढा, हे लिहून घ्या.

पहिलं, शेतजमीन असेल तर सातबारा, आठ-अ आणि मागचे फेरफार बघायचे. मालक किती, बोजा आहे का, भोगवटादार वर्ग एक आहे की दोन. वर्ग दोनची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. आदिवासी भावाची जमीन बिगर-आदिवासीला सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाही. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर भागातल्या ताईंनी हे खास लक्षात ठेवा. आणि शेतजमीन घ्यायची तर घेणाराही शेतकरी असावा लागतो.

दुसरं, गुंठा-दीड गुंठ्याचे तुकडे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे आणि त्यात अलीकडे बदल झालेत. एजंट काय म्हणतो ते सोडा. तलाठी भाऊसाहेबांना आणि दुय्यम निबंधक कार्यालयात विचारा, की या गटातल्या एवढ्या जागेचं खरेदीखत आज नोंदवता येतं का? "नाही" आलं की चहा पिऊन घरी या.

तिसरं, गावठाणातली जागा असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ आणि मिळकत पत्रिका झाली असेल तर ती बघा. शेजाऱ्यांना हद्द विचारा. शेजारी जे सांगतील ते एजंट सांगणार नाही.

चौथं, शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केली म्हणजे जागा आपली झाली नाही. नोंदणी झालेलं खरेदीखत झालं पाहिजे आणि त्यानंतर आपलं नाव लागलं पाहिजे. नाव लागेपर्यंत पाठपुरावा सोडायचा नाही.

पाचवं, बियाण्याचा, दवाखान्याचा आणि पोरांच्या फीचा पैसा बाजूला काढून जो उरेल तोच जागेत घालायचा. जागा अडल्या वेळी लगेच विकली जात नाही. गटाचं कर्ज काढून प्लॉट घेऊ नका. हप्ता दर महिन्याला येतो, प्लॉट दर महिन्याला काही देत नाही.

आता नावाबद्दल. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या एकटीच्या नावाने राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. दहा लाखांच्या घराला दहा हजार वाचतात. ही सवलत घरासाठी आहे, मोकळ्या प्लॉटला किंवा शेतीला नाही. कचरणाऱ्या मालकांना हा हिशेब जरूर सांगा. कधी कधी एक टक्का आपल्या दहा भाषणांपेक्षा जास्त काम करतो.

आणि ज्यांच्याकडे घ्यायला पैसाच नाही त्यांनी काय करायचं? आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट ऐका. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला बायांचं मोठं अधिवेशन भरवलं. त्यानंतर काही वर्षांनी त्यांनी लक्ष्मीमुक्तीचं काम हाती घेतलं. शेतकऱ्याने स्वतःहून बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात शंभरावर कुटुंबांनी तसं केलं. म्हणजे आपल्या खान्देशातल्या गड्यांनी हे तीस-पस्तीस वर्षांपूर्वी करून दाखवलंय. पुढे १९९२ मध्ये सरकारनेही लक्ष्मीमुक्ती योजना काढली. नवऱ्याने स्वतः अर्ज केला तर त्याच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. त्याला खरेदीखत लागत नाही. दोघांची नावं असली की एकट्याच्या सहीने सगळी जमीन विकता येत नाही.

हे शेवटचं वाक्य मी घरी सांगितलं तेव्हा आमचे हे हसले. म्हणाले, "हे बापाच्या वेळी असतं तर माय सही करतीच ना." त्यांनी अर्ज केला. मी मागे लागले नव्हते.

त्यानंतर दोन वर्षांनी आमच्याच गल्लीतलं एक पडकं घर विकायला निघालं. मालक एकच, कागद स्वच्छ, हद्द सगळ्या गावाला माहीत. माझे पैसे थोडे कमी पडत होते. कापूस विकून त्यांनी स्वतः चाळीस हजार घातले. आम्ही दोघांची नावं टाकली, त्यामुळे सवलत मिळाली नाही, पण मला तेच हवं होतं. निबंधक कार्यालयात अंगठ्याच्या मशीनवर हात ठेवताना त्यांचा हात थरथरला. मी बघितलं, काही बोलले नाही. आज तिथे दोन खोल्या नीट केल्यात, एकीत पिठाची गिरणी आहे आणि महिन्याला बाराशे भाडं येतं. हायवेच्या प्लॉटसारखं दुप्पट-तिप्पट काही झालं नाही. पण भाड्याच्या दिवशी गिरणीवाला आधी मला हाक मारतो.

तर ताईंनो, या आखाजीला एवढंच करा. माहेरी जायच्या आधी एका संध्याकाळी, जेवणं झाल्यावर, मालकांना विचारा, "जागा घ्यायची म्हटलं की तुम्हाला कशाची भीती वाटते?" आणि मग मध्ये न बोलता ऐका. दुसऱ्या दिवशी आपल्याच शेताचा, आपल्याच घराचा कागद काढा आणि त्यावर तुमचं नाव आहे का ते बघा. नवीन जागा नंतर बघू. गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपला कागद घेऊन या, म्हणजे एकमेकींचे वाचता येतील.

रामराम.