पत्र आले, पण कोणाचे?

दुसऱ्याचे सोंग घेऊन पत्र लिहायचे आणि पैसे उकळायचे, ही विद्या फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या सुखवस्तू माणसांना अशी पत्रे येत की, कोणी श्रीमंत गृहस्थ स्पेनमध्ये तुरुंगात खितपत पडला आहे. त्याच्या सुटकेसाठी थोडी रक्कम पाठवा, सुटल्यावर तो आपल्या संपत्तीतला वाटा देईल. कैदी खोटा, संपत्ती खोटी. पाठवलेली रक्कम तेवढी खरी. आज तेच पत्र ई-मेलने येते, आणि कैद्याच्या जागी बँक, प्राप्तिकर खाते किंवा कुरिअर कंपनी येऊन बसली आहे. याला फिशिंग म्हणतात. गळ टाकून मासे धरण्याचाच हा इंग्रजी शब्द. स्पेलिंग तेवढे मुद्दाम बिघडवलेले. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत पासवर्ड चोरणाऱ्या मंडळींनी तो रूढ केला.

आता कोणी म्हणेल, असल्या पत्राला भोळीभाबडी माणसे भुलत असतील, आम्हां शिकलेल्यांना त्याचे काय! त्यांच्यासाठी एक हकीकत सांगतो. १९ मार्च २०१६ रोजी जॉन पोडेस्टा यांना गूगलच्या नावाने एक मेल आली. हे गृहस्थ म्हणजे अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभ्या असलेल्या हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचे प्रमुख. मेलमध्ये लिहिले होते की, युक्रेनमधून कोणी तुमचा पासवर्ड वापरण्याचा प्रयत्न केला आहे, तो ताबडतोब बदला. आणि बदलण्यासाठी खाली एक लिंक. त्यांच्या कचेरीतल्या माणसांना शंका आली, हे विशेष. त्यांनी ती मेल संगणकाचे काम पाहणाऱ्या सहकाऱ्याकडे पाठवली. त्याने उलट कळवले की, मेल अधिकृत आहे, पासवर्ड लगेच बदलावा. आणि सोबत गूगलचा खरा पत्ताही दिला. पुढे तो म्हणाला, मला ‘अनधिकृत’ असे लिहायचे होते, चुकून उलटे लिहिले गेले. आपल्या भाषेतसुद्धा हे होऊ शकते बरे का. ‘अनधिकृत’मधला एक ‘न’ गळाला की ‘अधिकृत’च उरते!

परंतु खरी गोम त्या चुकलेल्या शब्दात नाही. त्याने दिलेला गूगलचा खरा पत्ता उघडून पासवर्ड बदलला असता, तर काहीच बिघडले नसते. कचेरीने मात्र त्या मेलमधलीच लिंक दाबली आणि पासवर्ड चोराच्या हाती पडला. पन्नास हजारांहून अधिक पत्रे गेली. ऑक्टोबरपासून विकिलीक्सने ती जगापुढे मांडली. जुलै २०१८ मध्ये अमेरिकन सरकारने या आणि अशाच चोऱ्यांबद्दल रशियाच्या लष्करी हेरखात्यातल्या १२ अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले.

तेव्हा मेल खरी की खोटी हे ठरवता येईना, तरी हरकत नाही. तिने दाखवलेल्या वाटेने जायचे नाही, एवढे सांभाळले की पुष्कळ झाले. बँकेचा निरोप असेल तर आपण होऊन बँकेचे ॲप उघडावे, किंवा पासबुकावर छापलेल्या नंबरावर फोन करावा. मेलमध्ये दिलेल्या नंबरावर करू नये. तो उचलणारा माणूस तुमच्याशी फार गोड बोलेल, कारण तो त्यासाठीच बसलेला असतो.

पत्ता वाचावयास शिकणे मात्र अगत्याचे आहे. आपण पोस्टाचा पत्ता लिहितो तेव्हा मुक्काम आधी, मग तालुका, शेवटी जिल्हा. ‘पुणे स्वीट मार्ट’ अशी पाटी असली म्हणून दुकान पुण्यात असते असे नाही. जिल्हा कोणता लिहिला आहे ते पहावे लागते. इंटरनेटचा पत्ता तसाच शेवटाकडून वाचावा. प्राप्तिकर खात्याचा पत्ता ‘इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन’. हे ‘गव्ह डॉट इन’ शेवटी असले तर ते सरकारचे. पण त्याच्याही पुढे आणखी एक टिंब देऊन ‘रिफंड अमुकतमुक डॉट कॉम’ असे काही जोडलेले असले, तर तो पत्ता त्या अमुकतमुकाचा; आधीचे सरकारी नाव म्हणजे नुसती पाटी. लिंक लांबलचक असेल, तर ‘एचटीटीपीएस’ नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढे जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या आधीचा भागच पत्ता समजावा. बँकांच्या बाबतीत आता थोडे सोपे झाले आहे. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांना आपापले संकेतस्थळ ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाखाली आणावयास सांगितले, आणि हा शेवट बँकांखेरीज इतरांना मिळत नाही.

मेल कोणाकडून आली, तिथले नाव तर कोणीही काहीही लिहू शकतो. पाकिटाच्या मागे ‘प्रेषक’ म्हणून कोणाचे नाव घालावे याला पोस्टमन थोडाच अडवतो? कित्येकदा त्या नावामागचा पूर्ण पत्तासुद्धा बनावट घालता येतो.

पूर्वी सांगत की, अशुद्ध लिहिलेले असेल तर ते पत्र खोटे समजावे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर दरोडा पडला, तेव्हा एका हुकुमात ‘फाउंडेशन’ हा शब्द चुकीचा लिहिल्यामुळे दोन कोटी डॉलर वाचले; आठ कोटी दहा लाख मात्र गेलेच. त्या चोरांनीही बँकेच्या नोकरांना नोकरीच्या अर्जाच्या मेली पाठवल्या होत्या. पण आता यंत्रच निर्दोष मराठी लिहून देते. शुद्धलेखनावर विसंबण्याचे दिवस गेले, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाषेपेक्षा घाई पहावी. खाते आज बंद होईल, परतावा रद्द होईल, दंड लागेल! २०२२ साली महाराष्ट्रात मोबाईलवर संदेश फिरत होते की, आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडण्यात येईल. माणूस घाबरला की वाचत नाही, नुसता दाबतो. आणि पासवर्ड, ओटीपी किंवा कार्डामागचे तीन आकडे खरी बँक मेलवर कधीच विचारत नाही.

सोसायटीचे, पतपेढीचे हिशेब पाहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. लिथुआनियातल्या एका इसमाने २०१३ ते २०१५ या काळात तैवानच्या एका कंपनीचे सोंग घेऊन, खोटी बिले पाठवून, गूगल आणि फेसबुक यांच्याकडून बारा कोटी डॉलरांहून अधिक रक्कम काढली. २०१९ साली त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा ‘आमचा खातेक्रमांक बदलला आहे’ अशी कंत्राटदाराची मेल आली, की आपल्या वहीतल्या जुन्या नंबरावर त्याला फोन करावा. अध्यक्षांनी मेलने पैसे मागितले, तर अध्यक्षांनाही करावा. त्यात त्यांचा अपमान नाही.

इतके करूनही लिंक दाबली गेली तर? घरोघर असे घडते की, आजोबा दोन दिवस कोणाला काही सांगत नाहीत. सून काय म्हणेल, मुलगा रागावेल, या संकोचात जे तास जातात, तेच मोलाचे असतात. आधी बँकेला कळवून खाते व कार्ड थांबवावे आणि १९३० या सरकारी नंबरावर फोन करावा. रक्कम दुसऱ्या खात्यात पोचून काढली जाण्यापूर्वी ती अडवता येते, म्हणून ही घाई. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलावा. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथलाही. घरच्यांनीही त्या वेळी उपदेश करत न बसता फोन लावून द्यावा.

आणि ती मेल रागाच्या भरात पुसून टाकू नये. पाकिटावर गावोगावच्या टपालाचे शिक्के पडतात, तशी मेल कोणकोणत्या यंत्रांतून आली याची नोंद तिच्यात दडलेली असते. तपास करणाऱ्या पोलिसांना ती मूळ मेलच लागते, नुसता फोटो पुरत नाही.