निवडून काढलेला दाणा



दाण्याचं कूट करायचं म्हणजे आधी दाणे निवडायचे, ही आपल्या घरातली जुनी रीत. काळपट, सुरकुतलेला, किडका दाणा सुपाच्या कडेला सारायचा. चुकून एखादा तोंडात गेलाच, तर सगळं तोंड कडू होतं. आपण हे करतो ते चवीसाठी. पण त्या कडेला सारलेल्या दाण्याची हकीकत चवीपुरती नाही.

१९६० साली इंग्लंडात टर्की जातीची लाखभर पाखरं काही महिन्यांत मेली. रोग सापडेना. शेवटी शोध त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोचला. पेंडीत ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाच्या बुरशीने तयार केलेलं विष होतं, आणि ते यकृत नासवत होतं. बुरशीच्या नावातलीच अक्षरं घेऊन त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणू लागले.

कोणी म्हणेल, ही पाखरांची गोष्ट झाली, माणसाचं काय? तर १९७४ साल आठवावं. राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातेतला पंचमहाल, हा आदिवासींचा मुलूख. मक्याची कापणी आणि अवकाळी पाऊस एकाच वेळी आले. कणसं ओलीच घरात गेली, त्यांवर बुरशी चढली. घरात दुसरं धान्य नव्हतं, म्हणून तोच मका खाल्ला गेला. माणसांना कावीळ झाली, पोटात पाणी भरलं. शंभरावर माणसं दगावली. त्याच घरांतली कुत्रीही मेली. तपासलेल्या मक्यात किलोमागे ६ ते १५ मिलिग्रॅम विष निघालं. आज आपल्या देशात धान्याला मर्यादा आहे ती किलोमागे १५ मायक्रोग्रॅमची, म्हणजे निदान चारशेपटीने कमी!

एकदम एवढं पोटात जाणं विरळाच. पण थोडं थोडं वर्षानुवर्षं जात राहिलं, तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. बरं, भाजलं-शिजवलं की विष जाईल म्हणावं, तर तसंही नाही. भाजल्याने ते थोडं कमी होतं, पुरतं जात नाही. त्याला स्वतःची चवही नाही.

मग उपाय काय? शेंगा काढल्या की लगेच वाळवाव्यात. शेंग कानाशी हलवली, तर दाणा खुळखुळला पाहिजे. पोती भिंतीला टेकवून किंवा उघड्या जमिनीवर ठेवू नयेत. खाली फळ्या घालाव्यात. घरात दाणे थोडे आणावेत, कोरड्या डब्यात ठेवावेत. आणि निवडणं सोडू नये. विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं. थोड्याच दाण्यांत ते फार असतं. त्यामुळे आजीचं सूप इथे खरोखरच उपयोगी पडतं.

आता एकच प्रश्न उरतो. ते निवडून काढलेले दाणे जातात कुठे? कोणी म्हणतं, चटणीत लसणाबरोबर कळणार नाही. कोणी ते गाईपुढे टाकतं. पण गाईच्या पोटातून त्या विषाचा अंश दुधात उतरतो, आणि ते दूध तापवलं तरी तो जात नाही. कोणी स्वस्तात विकतं, म्हणजे दुसऱ्याच्या ताटात वाढतं. अन्न टाकू नये हा संस्कार मोठा खरा; पण बुरशी लागलेला दाणा हे अन्न उरलेलं नसतं. तो मातीत पुरावा. आणि ज्याच्या घरात त्या मक्यावाचून दुसरं काही नाही, त्याला नुसतं 'टाकून दे' म्हणून भागणार नाही. त्याच्या दारी चांगलं धान्य पोचवणं, हेही निवडण्याइतकंच आपलं काम आहे.