काढलेली ग्रंथी काय सांगते



प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं.
ग्रंथी काढली.
मग घरच्यांचा पहिला प्रश्न असतो,
'परत तर होणार नाही ना?'

याचं बरंचसं उत्तर त्या काढलेल्या ग्रंथीतच असतं.

प्रयोगशाळेत तिचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत जपतात.
केसाहून पातळ काप काचेवर घेऊन रंगवतात.
पेशींची रचना किती बिघडली, त्यावरून ग्लीसन गुण ठरतात.
डॉ. डोनाल्ड ग्लीसन यांची 1966 सालची ही पद्धत आजही पहिली कसोटी आहे.

कधी आणखी खुणा शोधतात.
केआय-67 प्रथिन असलेल्या पेशी तपकिरी दिसतात.
त्या जास्त, तर वाढ वेगाची.
पीटेन प्रथिन वाढीला लगाम घालतं.
ते नाहीसं झालं, तर धोका जास्त.

खुणा धोका सांगतात, खात्री नाही.
म्हणून पीएसए ही रक्ततपासणी हवीच.
ऑपरेशननंतर पीएसए जवळजवळ शून्यावर यायला हवं.
पुन्हा वाढू लागलं, तर लगेच डॉक्टरांना भेटा.
उसाच्या पाण्याची पाळी आली, तरी पीएसए तपासणीची तारीख चुकवू नका.

आणि मंडळी, मुंबईला टाटा रुग्णालयात दुसरा सल्ला घ्यायला निघालात,
तर रिपोर्टबरोबर ते मेणाचे ठोकळे आणि काचाही मागून न्या.
उत्तर त्यातच आहे.